समुद्रातल्या विजेचा इशारा नौकेपर्यंत पोहोचवा : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी नौकांना खवळलेल्या समुद्रापासून वाचवते, विजेपासून नाही. ऐन पावसाळ्यात कोकणावरचे ढग पाणी धो-धो ओततात. पण त्यांतले बरेचसे थेंब गोठणपातळी गाठण्याआधीच मोठे होऊन खाली येतात, म्हणून तेव्हा विजा कमी. वीज निर्माण व्हायची तर उणे १० ते उणे २५ अंशांच्या थरात, अतिशीत (शून्याखालीही न गोठलेल्या) पाण्याच्या सान्निध्यात, बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळाव्या लागतात. त्यासाठी ढगात वर चढणारा झोत जोरकस लागतो. तो जोर मे आणि ऑक्टोबरात असतो, आणि नेमक्या तेव्हा नौका समुद्रात असतात.

हवेतल्या, म्हणजे जहाजांच्या धुरातूनही येणाऱ्या, सूक्ष्म कणांचाही यात हात आहे. श्रीलंकेजवळून मलाक्काकडे जाणाऱ्या जहाजमार्गावर आजूबाजूच्या समुद्राच्या जवळपास दुप्पट विजा होतात, असे २०१७ मध्ये दिसून आले. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली आणि सिंगापूरजवळच्या मार्गावरच्या विजा सुमारे निम्म्या झाल्या. म्हणून नुसत्या तापमानावर इशारा बेतू नये.

वेळही निराळी असते. जमिनीवर विजांचा भर दुपारी-संध्याकाळी, खुल्या समुद्रावर बहुधा रात्री ते पहाटे. त्यात ऑक्टोबरात सह्याद्रीवर दुपारी उभे राहिलेले ढग पूर्वेच्या वाऱ्याने संध्याकाळी समुद्राकडे सरकतात. जाळी टाकलेली असतात, तेव्हाच ते डोक्यावर येतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटर परिघातल्या विजांची सूचना देते. पण किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. दोन्ही बाजूंनी संदेश पाठवता येणाऱ्या उपग्रह ट्रान्सपॉन्डरची (नौकेवर बसवायच्या संदेशयंत्राची) योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झाली. विजांची माहिती तिच्याशी थेट जोडून घ्या. संदेश मराठीत असावा, त्यात ढग नौकेपासून किती मैलांवर, कोणत्या दिशेला आणि कुठे सरकतो आहे एवढेच असावे. नुसत्या ‘सतर्क राहा’वरून तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, काहीच ठरवता येत नाही.

दुसरी मागणी नौकेबद्दल. फायबरची नौका वीज वाहून नेत नाही. वाट न मिळालेली वीज डोलकाठीवरून इंजिनाकडे, वायरिंगकडे किंवा खलाशाकडे उडी घेते, आणि पाण्याच्या पातळीजवळ तळाला भोके पाडते. डोलकाठीच्या टोकापासून किमान २१ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार सरळ खाली आणावी, वळण लागलेच तर त्याची त्रिज्या २० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. खाली पाण्यात कायम बुडालेली, किमान ०.१ चौरस मीटरची धातूची पट्टी हवी. तांबे ॲल्युमिनियमला थेट जोडले तर खाऱ्या हवेत सांधा कुजतो. तार दिसायला शाबूत, पण वाट तुटलेली.

ही पट्टी नौका पाण्याबाहेर असतानाच बसवता येते. जूनमध्ये नौका ओढून शाकारल्या जातात. त्याआधी पट्टी आणि तारेसाठी अनुदान जाहीर करा, आणि ऑगस्टपूर्वीच्या तपासणीत प्रत्येक सांधा मीटर लावून पाहायला सांगा.

आपले,
समुद्री हवामान व नौका-सुरक्षेचे अभ्यासक