तक्रार पत्र : तडकलेला सागवानी चॉपिंग बोर्ड आणि आमच्या घरकामाच्या ताईंवर घेतलेला आळ

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीचा चौथा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. गेल्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या प्रदर्शनात तुमच्या स्टॉलवरून हाताने बनवलेला सागवानी चॉपिंग बोर्ड घेतला, ३,२०० रुपयांना. मे महिन्यात नागपुरात तो टोकापासून मधोमध १४ सेंटिमीटर तडकला. बिल आणि फोटो तीनदा पाठवून झाले.

तडा कशाने गेला हे तुम्हाला ठाऊक असणार, कारण बोर्ड तुम्हीच बनवला आहे. दोन्ही टोकांना तुम्ही आडवी पट्टी लावली आहे आणि ती या कडेपासून त्या कडेपर्यंत चिकटवून, वर लाकडी खुंट्या ठोकून पक्की केली आहे. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत रुंदीतच आकसतं, लांबीत जवळजवळ हलत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात फुगलेला बोर्ड नागपूरच्या ४५ अंशांत आकसायला लागला, पट्टीने त्याला हलू दिलं नाही, तो फाटला. अशी पट्टी फक्त मधोमध चिकटवायची आणि कडेच्या खुंट्यांची भोकं लांबट ठेवायची, हे माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांनाही पहिल्या वर्षात कळायचं. वडील सुतार होते. सागवान तर मुळातच कमी हलणारं लाकूड, तेही फाटलं म्हणजे बांधणीच चुकली आहे.

आता आजच्या फोनबद्दल. तुमच्या माणसाने आधी विचारलं, बोर्ड डिशवॉशरमध्ये टाकला होता का. म्हटलं, माझ्याकडे डिशवॉशर नाही. मग म्हणाला, सिंकमध्ये भिजत पडला असेल. म्हटलं, नाही. पुन्हा तेच, पुन्हा नाही. यावर तो म्हणाला, "मॅडम, कामवाल्या बाईंनी ठेवला असेल, तुम्हाला कळलं नसेल." ताई त्या वेळी माझ्यासमोर ओट्याशी उभ्या होत्या आणि फोन स्पीकरवर होता. अकरा वर्षं त्या आमच्याकडे येतात. माझ्या आईचा पोळपाट त्याच धुतात, लगेच पुसतात आणि भिंतीशी उभा करून ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा लागते. हा बोर्डही त्यांनी तसाच सांभाळला. त्या काही बोलल्या नाहीत, हातातलं भांडं ठेवून बाहेर गेल्या. मला ते विसरता येत नाही. तुमच्या कारखान्यातली चूक तुम्ही अशा बाईवर ढकललीत, जिला उलट बोलायची सोय नाही.

मग त्याने मला निगा कशी राखायची ते शिकवलं. स्वयंपाकाचं कुठलंही तेल लावा म्हणाला. तुमच्या कार्डावरही "वेळोवेळी तेल लावा" एवढंच आहे, कुठलं ते नाही. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल लाकडात वाळत नाही, चिकट होतं, पुढे खवट वास मारतं. मी पहिल्या दिवसापासून औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, म्हणजे खवट न होणारं खनिज तेल, लावते आहे, महिन्यातून एकदा, दोन्ही बाजूंना आणि लाकडाच्या उघड्या टोकांना जरा जास्त, कारण पाणी सगळ्यात आधी टोकांतूनच शिरतं. रात्रभर मुरू देते, सकाळी पुसते. हे कार्डावर छापायला तुम्हाला चार ओळी पुरल्या असत्या.

पुन्हा लिहिते, म्हणजे पुढचा माणूस भिजवलं का हे विचारणार नाही : दोष त्या पक्क्या केलेल्या आडव्या पट्टीचा आहे. फोटोत तडा लाकडाच्या रेषेबरोबर सरळ गेलेला दिसतो. स्टॉलवर मी त्या बोर्डावरून हात फिरवला तेव्हा रंध्याचं काम पाहून वडिलांची आठवण आली होती, म्हणून किमतीची घासाघीस केली नाही. त्याचं आता फार वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे परत करा. नाहीतर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती तक्रार मला नागपुरातच करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही.

आणि पैशांच्या आधी, त्याच प्रतिनिधीने फोन करून ताईंची माफी मागायची. त्या सकाळी नऊ ते दहा आमच्याकडे असतात.

एक ग्राहक, नागपूर