परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : गडगा सरकवणाऱ्याच्या शेजारी राहताना

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

मी हर्णैचा. बत्तीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आता घरी आंबा-काजूची कलमे बघतो. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला की आम्ही चारपाच जण सुवर्णदुर्गाकडे तोंड करून गप्पा मारत बसतो. गेल्या महिन्यात तिथे पुण्याला शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, "काका, फिनलंड-स्वीडनला काय गरज होती नाटोत जायची? अमेरिकेने बोलावलं, हे गेले." नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले देश यांची लष्करी युती. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या माना पाहून हे पत्र लिहायला घेतले आहे. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे या विषयावर जे बोलले जाते त्यात अमेरिका असते, रशिया असते, कधी चीनही असते. मधल्या देशांत माणसे राहतात आणि त्यांना स्वतःचे डोके आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

2011 च्या हिवाळ्यात आमचे जहाज फिनलंडच्या कोटका बंदरात कागदाची रिळे भरत होते. रशियाची सीमा तिथून गाडीने तासाभरावर. लोडिंगवरचा फोरमन माझ्याच वयाचा. चार दिवसांत ओळख झाली आणि त्याने मला घरी कॉफीला नेले. निघताना तो मला इमारतीच्या तळघरात घेऊन गेला. तिथे एक जाडजूड पोलादी दार होते. बाहेरून दोन लांब दांडे, कडेने रबर, हुबेहूब जहाजाच्या वॉटरटाइट दारासारखे. आत मुलांच्या बर्फावरच्या घसरगाड्या, सायकली, मुरांब्याच्या बरण्या. हवाई हल्ला झाला तर सगळ्या बिऱ्हाडांनी इथे यायचे, तो म्हणाला. मोठ्या इमारतीत असा निवारा बांधणे तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. माझा हात सवयीने दांड्यावर गेला. तो बोटभर जोराने फिरला. महोदय, माझे आयुष्य असल्या दांड्यांत गेले आहे. वापरात नसलेला दांडा चार वर्षांत गंजून बसतो. इथे कुणीतरी दरवर्षी आठवणीने वंगण घालत होते.

त्याचे वडील वीपुरी शहरातले. नोव्हेंबर 1939 मध्ये सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या, मार्च 1940 मध्ये तह झाला आणि त्या तहात ते शहर गेले. आज ते रशियात आहे. करेलिया प्रांतातून चार लाखांवर माणसे घरेदारे सोडून आली, त्यांत त्याचे वडील होते, तेव्हा दहा वर्षांचे. मी विचारले, मग तुम्ही नाटोत का जात नाही? तो म्हणाला, शेजारी मोठा आहे, त्याला उगाच डिवचायचे नाही. आपले सैन्य आपण ठेवायचे आणि हे दार चालू ठेवायचे.

हे त्याचे एकट्याचे मत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या फिनलंडने असाच संसार केला. नाटोत जावे म्हणणारे वर्षानुवर्षे चारांत एक, फार तर त्याहून थोडे अधिक. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काही दिवसांत हे प्रमाण वाढून निम्म्याच्या वर गेले, मे महिन्यापर्यंत चारांत तीन. 17 मे ला संसदेत अर्जाच्या बाजूने 188 मते पडली, विरोधात 8. 4 एप्रिल 2023 ला फिनलंड सदस्य झाला. 1814 पासून एकाही युद्धात न उतरलेला स्वीडन 7 मार्च 2024 ला. डेन्मार्क नाटोत होताच, पण युरोपीय संघाच्या संरक्षण सहकार्यापासून तीस वर्षे दूर होता. तिथल्या मतदारांनी जून 2022 मध्ये सार्वमत घेऊन तेही दार उघडले. फिनलंडच्या अर्जाच्या त्या दिवसांत फोरमनचा मला दोन ओळींचा निरोप आला होता : "आम्ही अर्ज करतोय. मी बाजूने आहे."

आमच्याकडे रात्रीतून गडगा, म्हणजे हद्दीवरची दगडी भिंत, हातभर सरकवणारी माणसे असतात. ज्याची जागा गेली तो कोर्टात जातो. पण त्याच्या पलीकडचा, ज्याचा एक चिराही हललेला नाही, तो दुसऱ्याच दिवशी मोजणीचा अर्ज करतो आणि मुंबईच्या भावाला फोन लावतो. त्याला कुणी भडकवलेले नसते. त्याने फक्त शेजारच्या आवारात डोकावून पाहिलेले असते.

फिनलंडने डोकावून काय पाहिले? युक्रेनने 2010 मध्ये कायदा करून स्वतःला कोणत्याही लष्करी गटाबाहेर ठेवले होते. तो कायदा लागू असतानाच 2014 मध्ये त्याचा क्रिमिया रशियाने घेतला. त्याआधी 1994 मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रे सोडली, बदल्यात सीमांचा मान राखू असे लिहून मिळाले, आणि लिहून देणाऱ्यांत रशिया होता. डिसेंबर 2021 मध्ये मॉस्कोने मागणी केली की नाटोने यापुढे एकही नवा देश घेऊ नये. ही मागणी युक्रेनपेक्षा फिनलंडला जास्त झोंबली असावी असे मला वाटते. जायचे नाही हे आपण ठरवणे वेगळे आणि जाता येणार नाही हे दुसऱ्याने सांगणे वेगळे. रशियाची प्रतिक्रिया काय असेल असे विचारल्यावर फिनलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साउली नीनिस्तो यांनी उत्तर दिले होते की रशियाला मी म्हणेन, हे तुमच्यामुळेच झाले, आरशात पाहा. नाटो जवळ येऊ नये म्हणून लढाई केली असे म्हणतात. त्या लढाईनेच आणखी 1,340 किलोमीटरची सीमा नाटोची झाली.

आता माझ्या समोरच्या किल्ल्याबद्दल, कारण भीतीपोटी केलेली दोस्ती काय करते हे कोकणाला कुणी शिकवायला नको. 1755 मध्ये तुळाजी आंग्र्यांचा हा सुवर्णदुर्ग पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराला सोबत घेऊन पाडाव केला, पुढच्या वर्षी विजयदुर्ग. तिथे आंग्र्यांचे आरमार जळाले आणि या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारे कुणी उरले नाही. ऑक्टोबर 1802 मध्ये पुण्याजवळ होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव कोकणात उतरला, महाड, सुवर्णदुर्ग असा फिरत शेवटी इंग्रजांच्या आसऱ्याने समुद्रमार्गे वसईला पोचला. 31 डिसेंबरला त्याने तह केला : कंपनीचे सहा हजार पायदळ कायमचे राज्यात, त्यांच्या खर्चाला 26 लाखांचा मुलूख, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणी नाहीत. सोळा वर्षांत पेशवाई संपली.

म्हणून पुतण्याचा प्रश्न मी झटकून टाकला नाही. डिसेंबर 2023 मध्ये फिनलंडने अमेरिकेशी वेगळा करार करून आपली 15 लष्करी ठिकाणे तिच्या सैन्याला वापरायला दिली. ही वसईच्या तहातल्यासारखी तैनाती फौज नाही का? मी यावर पुष्कळ विचार केला. माझे उत्तर असे की बाजीरावाने एकट्याने, हरलेल्या स्थितीत सही केली. फिनलंडने निवडून आलेल्या संसदेत चर्चा करून, स्वतःचे सैन्य हाती ठेवून केली. आणि नाटोत नवा देश घ्यायला सगळ्यांची संमती लागते. तुर्कस्तान आणि हंगेरी यांनी स्वीडनला जवळपास दोन वर्षे दारात उभे केले. वसईच्या तहात पेशव्याला कंपनीचे काही अडवण्याची सोय नव्हती. तरीही अमेरिकेचा शब्द तिथे सगळ्यात जड आहे, हे मी नाकारत नाही. फिनलंडच्या लोकांनाही ते ठाऊक आहे. दोन भीती समोर होत्या, त्यांतली एक त्यांनी पत्करली.

सगळेच शेजारी त्याच वाटेने गेले असेही नाही. मोल्दोव्हाने राज्यघटनेतली तटस्थता ठेवून युरोपीय संघाचे दार ठोठावले. आर्मेनिया रशियाच्याच लष्करी संघटनेत होता. अडचणीत मदत आली नाही म्हणून त्याने 2024 मध्ये तिथला सहभाग गोठवला.

महोदय, 2 मार्च 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 141 देशांनी रशियाच्या निषेधाच्या ठरावाला मत दिले. आपण तटस्थ राहिलेल्या 35 देशांत होतो. शस्त्रे, तेल, तिथे अडकलेले आपले विद्यार्थी, ही कारणे मला समजतात. त्याच वर्षी समरकंदला पंतप्रधानांनी पुतीन यांना समोरासमोर सांगितले की हे युग युद्धाचे नाही, तेव्हा मला अभिमान वाटला होता. पण मत न देणे हा एक निर्णय झाला, आणि कारणमीमांसा करताना लहान देशांना प्यादी समजणे हा दुसरा. पहिला आपली गरज असेल. दुसऱ्याची काहीच गरज नाही.

आणि तो आपल्याच अंगावर येतो, कारण आपल्या गल्लीत मोठे घर आपले आहे. सप्टेंबर 2015 मध्ये, भूकंपाला सहा महिनेही झाले नव्हते, नेपाळच्या सीमेवर भारतातून माल नेणारे ट्रक अडकले. नाकेबंदी आम्ही केलेली नाही, असे आपल्या सरकारने सांगितले. काठमांडूत गॅससाठी रांगा लावणाऱ्यांना ते पटले नाही. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला, म्हणजे आपला माल चीनच्या वाटेने नेण्याआणण्याचा. आपण कुणावर चालून गेलो नव्हतो. तरी चीनने फूस लावली एवढेच म्हणून आपण मोकळे झालो, तर त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण पाहिलेच नाही असे होईल.

माझी मागणी मोठी नाही. संसदेत, पत्रकारांसमोर, विद्यापीठांतल्या भाषणांत आपण या विषयावर बोलता आणि तरुण मुले ते ऐकतात. माझा पुतण्याही ऐकतो. पुढच्या वेळी आपल्या तोंडी "नाटोचा विस्तार" हे शब्द आले, तर त्याच वाक्यात फिनलंडच्या संसदेतली ती 188 मतेही येऊ द्यावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी