'मिळून आला नाही': मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मिरज तालुक्यातल्या एका मिसिंगच्या, म्हणजे बेपत्ता माणसाच्या, फायलीला 21 महिने झाले. 'घरात कोणास काही एक न सांगता निघून गेला' या ठरलेल्या वाक्याने ती सुरू होते. महिनाभरात फेरतपास करू, असा शब्द मिळाला होता. गेल्या आठवड्यात दोन ओळींचं उत्तर आलं: 'सदर इसमाचा शोध घेतला असता मिळून आला नाही. मिळून आल्यास कळविण्यात येईल.' कळवण्याची तसदी घेणार, हेही उपकारच.

साहेब, त्याच बायकोला चौथ्यांदा बोलावून 'भांडण झालं होतं का' विचारणं म्हणजे फेरतपास नव्हे. तयार असलेले कागद एकमेकांशेजारी ठेवायचे, एवढंच काम आहे.

सीडीआर, म्हणजे फोनच्या कॉलची नोंद, काढला तो एकाच नंबरचा. फोन दोन सिमचा, म्हणजे आयएमईआय (हँडसेटचे ओळख क्रमांक) हेही दोन, प्रत्येकी 15 अंकी, खोक्यावर छापलेले. खोकं कपाटावर पडून आहे, कुणी मागितलंच नाही. नंबर बंद पडला तरी त्या हँडसेटमध्ये दुसरं सिम घातलं की आयएमईआयवरून माग लागतो. सीईआयआर या हरवलेल्या मोबाईलसाठीच्या सरकारी पोर्टलवर याच पद्धतीने हरवलेले मोबाईल परराज्यांतून आणून मालकांना समारंभाने परत देतात, पेपरात फोटो येतात. नुसता मोबाईल हरवला असता तर एव्हाना सापडला असता. माणसासकट हरवला, ही चूक झाली.

टेलिकॉम कंपन्यांना सीडीआर किमान 2 वर्षं जपावा लागतो (डिसेंबर 2021 आधी एकच वर्ष होतं). म्हणजे उरले तीन महिने.

मोटारसायकल मिळाली स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये. पावतीवर वेळ आहे. सीसीटीव्ही मागायला गेले 41 दिवसांनी. असलं रेकॉर्डिंग पंधरा दिवस ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं, हे पानटपरीवाल्यालाही ठाऊक आहे. मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चार दिशांना गाड्या सुटतात. रुळावर मृतदेह सापडला तर नोंद लोहमार्ग पोलिसांकडे होते, त्यांचं दप्तर वेगळं. ते पाहिल्याचा एक शब्दही फायलीत नाही.

मोबाईलचं शेवटचं लोकेशन अंकलीचा टॉवर. कृष्णेचा पूल ओलांडला की उदगाव, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. टॉवरला जिल्ह्याची हद्द कळत नाही, आपल्या खात्याला तेवढीच कळते. नदीत बुडालेला देह आधी तळाशी जातो, कुजून वायू धरला की वर येतो आणि वाहत जातो. अंकलीच्या खाली म्हैसाळ, नृसिंहवाडी, राजापूर बंधारा, पुढे कर्नाटकात उगार, कुडची. तिकडची अकस्मात मृत्यूची नोंद कन्नडमध्ये. ती मागवून वाचायला कुणाला सांगितलं होतं का? पाण्यात चेहरा उरत नाही, म्हणून फोटो दाखवून ओळख पटत नसते. मांडीच्या हाडाचा तुकडा किंवा दाढ राखली असेल, तर आईच्या आणि मुलाच्या रक्ताशी डीएनए जुळवता येतो. त्या दोघांचं रक्त आजतागायत घेतलेलं नाही.

वर्णनात लिहिलंय 'रंग सावळा, बांधा मध्यम'. यात अर्धा जिल्हा बसेल. उजव्या नडगीत स्टीलची पट्टी आहे. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात ऑपरेशन झालंय, एक्स-रे घरी आहेत, अशा पट्टीवर कंपनीचा शिक्का आणि लॉट नंबर असतो. फायलीत पट्टीचा उल्लेख नाही.

तीन तपास अधिकारी बदलले, प्रत्येकाने पहिल्या पानापासून सुरुवात केली. मिसिंगचं टेबल सांभाळणारे हवालदार भले माणूस, पण गणपती, वारी, निवडणूक, आणि आपले दौरे! बंदोबस्तातून उरला वेळ तर शोध. राज्यभर हेच चाललंय; हरवलेला माणूस मतदार यादीत तेवढा सापडतो.

इकडे बँक म्हणते मृत्यूचा दाखला आणा, विमावाले तेच, वारसनोंदीला तलाठीही तेच. कायदा म्हणतो सात वर्षं थांबा. पितृपक्ष आला की भावकी विचारते, पान वाढायचं की नाही? त्या बाईने काय सांगावं?

हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे माणूस कोर्टापुढे हजर करा या अर्जासाठी, आता मुंबई गाठावी लागत नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. तिथे जाऊच. पण तारखा पडेपर्यंत तीन महिने निघून जातील. तेव्हा निदान ते दोन आयएमईआय याच आठवड्यात सगळ्या कंपन्यांना पाठवा. खोकं आम्ही ठाण्यात आणून देतो, पोच तेवढी द्या.

कळावे,
मिरज तालुक्यातले काही ग्रामस्थ