एक तास शिवारातही भरू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा नातू बेळगावात पाचवीला आहे. गेल्या आषाढात, ऐन नट्टीत, म्हणजे भाताच्या लावणीत, तो येळ्ळूरला आला. बांधावर उभा राहून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आज्जा, चिखलात काच नसेल न्हवं?" शेतकऱ्याच्या नातवाला चिखलाची भीती वाटावी, हे मनाला फार लागलं. अर्ध्या तासानं तोच पोर पोटरीभर चिखलात उतरून, रोपाची जुडी हातात धरून वाकडीतिकडी ओळ लावत होता. बांधाच्या बिळातून खेकडा निघाला, तर हा श्वास रोखून उकिडवा बसला. "एक नांगी मोठी का हो?" एरवी मोबाईल समोर नसेल तर याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्या रात्री जेवला आणि आठाला झोपला.

त्याला तिसरीतच चष्मा लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज उघड्यावर खेळू द्या. भर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य जास्त तयार होतं, त्यानं वाढत्या वयात डोळा लांबट होण्याला आळा बसतो. डोळा लांबट झाला की लांबचं धूसर दिसतं. तैवानमध्ये तर २०१० पासून शाळांनीच मुलांना दिवसाला १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम घेतला, आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं अधू नजरेचं प्रमाण पुढं खाली येऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटनाही ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर अंगमेहनत हवी म्हणते. आमच्या मुलांचा तो तास शाळेची व्हॅन आणि ट्यूशन खाऊन टाकतात.

बेळगावातल्या वडगाव, शहापूरच्या शाळांतून शिवार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खानापूरच्या मुलांच्या तर दारातच रान. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे मुलं पेपरात लिहितात, गुण मिळवतात. त्या पाण्यात पाय बुडवलेली किती निघतील? चैत्र-वैशाखात जांबोटीच्या बाजूला करवंदं, जांभळं पिकतात, ती आमची मुलं द्रोणातून विकत घेऊन खातात. झुडपाचा काटा कुणाला माहीत नाही.

एका शाळेत मी विचारून पाहिलं, एक वर्ग नट्टीला पाठवा म्हणून. "सिलॅबस मागं पडतो, आणि काही झालं तर पालक आम्हाला धरतात," असं उत्तर मिळालं. दुसरी अडचण खरी आहे, पालकांची भीती मी समजू शकतो. पण साप कुठं असतो, कुठल्या बांधावर पाय ठेवायचा नाही, हे सांगणारी माणसं शिवारात रोज असतात. त्यांना बरोबर घ्या. आठवड्यातून एक तास, बास. तोही लवकर, कारण दरवर्षी शिवारात नवे प्लॉट पडताहेत. बासमतीच्या घमघमाटानं आम्ही लहानपणी वाट ओळखायचो, तो वास आता शोधावा लागतो.

येत्या आषाढात आमच्या दोन एकरांत कुठल्याही शाळेनं एक वर्ग आणावा. रोपं आमची, हातपाय धुवायला विहिरीचं पाणी आमचं, आणि दुपारची झुणका-भाकरीही आमच्याकडंच.

– एक शेतकरी आजोबा, येळ्ळूर