काकू, तुमच्या ओव्हनमधल्या ऑम्लेटसाठी

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर.

आमच्याकडे रविवारी ऑम्लेट असतं. ते एकामागून एक, गरमागरम वाढायचं आणि करणारीने सगळ्यांच्या शेवटी, एकटीने खायचं. आईचं तसंच होतं. अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला आल्यावर माझंही तेच सुरू झालं. सासू-सासरे राहायला आले तेव्हा तर गॅसपुढून हलता येईना. तुम्ही एकदा ते पाहिलंत आणि पुढच्या रविवारी सकाळीच आलात. आमच्या ओव्हनमध्ये रचलेल्या कढया आणि पराती बाहेर काढल्यात आणि ओव्हन 350 फॅरनहाइटवर लावलात.

दहा अंडी, अर्धी वाटी मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, थोडं मीठ. अंडी फेस येईपर्यंत घोटायची नाहीत, नुसती एकजीव करायची. मग दोन वाट्या कॉटेज चीज, भरपूर माँटेरे जॅक (छान वितळणारं चीज) आणि चिरलेल्या मिरच्या. चीज घरी किसायचं, हा तुमचा आग्रह मला आता पुरता पटलाय. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो तितका छान वितळत नाही. लोणी लावलेल्या मोठ्या ट्रेमध्ये सगळं ओतलं की पस्तीस-चाळीस मिनिटं तिकडे बघायचंसुद्धा नाही. मधोमध सुरी घालून ती कोरडी निघाली की झालं. बाहेर काढल्यावर फुगलेलं ऑम्लेट खाली बसतं, ती आतली वाफ निघून जाते, तेव्हा घाबरायचं नाही. दहा मिनिटं थांबून मग वड्या पाडायच्या.

मिरच्यांचं तर वेगळंच सांगायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरात इथे दुकानांबाहेर जाळीचे पिंप ज्वाळांवर फिरवून न्यू मेक्सिकोतल्याच हॅच गावच्या हिरव्या मिरच्या भाजतात आणि अख्ख्या पार्किंगमध्ये भरताच्या वांग्यासारखा खमंग वास सुटतो. त्या गरम असतानाच झाकून ठेवायच्या, म्हणजे साल आपोआप सुटतं. पण नळाखाली धुवायच्या नाहीत, धुतल्या की भाजल्याची चव वाहून जाते. तुम्ही बोटांनी एकेक साल ओढत होतात आणि सासूबाई शेजारी बसून शिकत होत्या. भाषेची अडचण नसलेली, त्यांना हक्काने बोलायला मिळालेली इथली पहिली व्यक्ती म्हणजे तुम्ही. त्याचे आभार ऑम्लेटपेक्षाही जास्त.

त्या दिवशी आम्ही सगळे एकत्र जेवणघरात बसलो. माझ्या बशीतलं चीजसुद्धा तार सुटेल इतकं गरम होतं. सासऱ्यांनी मला दुसरी वडी वाढली. एरवी मीच वाढत असते.

सासूबाई आता नाशिकला छोट्या ओव्हनमध्ये करतात: पाच अंडी, लहान भांडं, वेळही थोडा कमी. हॅचच्या जागी गॅसवर भाजलेली भावनगरी मिरची, तिखटपणासाठी एखादी लवंगी. साधं प्रोसेस्ड चीज तितकं ताणत नाही, म्हणून त्यात मोझरेला मिसळतात. शेजारणींना ही कृती "अमेरिकेतल्या काकूंची" म्हणून सांगतात.

यंदाच्या मिरच्यांचं पोतं मी आणणार आहे. सोलायला या, आणि काकांनाही घेऊन या.

तुमची,
शेजारीण