बाबा, तो राजवाडा कोणाचा ते सांगते

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं एकदाचं. मध्ये वारं सुटलं म्हणून समोरच्या मुख्य भूमीवरच्या अल्लापूल बंदरातून येणारी फेरीबोट दोन दिवस बंद होती, त्यामुळे ते तिकडेच पडून होतं. चकल्यांचा भुगा झालाय, तो मी आमटीत टाकून खाते, पण अनारसे निम्मे तरी शाबूत आहेत आणि डबा उघडल्या उघडल्या तुपाचा जो काही वास आला ना आई, मी खोलीचं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या तीन खाल्ले.

बाबा, तुम्ही त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागच्या खिडकीतून तो राजवाडा बघितलात आणि म्हणालात हा कोणाचा गं, नीट लिहून पाठव, फोनवर तू अर्धवट सांगतेस. तर बसलेय लिहायला. आज रविवार आहे आणि इथं स्कॉटलंडच्या या बेटावर, स्टॉर्नोवेमध्ये रविवारी चर्च सोडून फारसं काही नसतं, त्यामुळे पत्र लांबणार.

त्या राजवाड्याला ल्यूज कॅसल म्हणतात. बंदराच्या पलीकडच्या काठाला, मागे गर्द झाडी. आता या बेटावर झाडं जवळजवळ नाहीतच, सगळीकडे नुसता काळा दलदलीचा माळ आणि त्यावर पीटचे रचलेले ढीग (पीट म्हणजे कुजलेल्या गवताची माती, वाळवली की शेणीसारखी जळते), पण या एका माणसानं समोरच्या मुख्य भूमीवरून बोटीनं माती आणवली आणि रान उभं केलं. सर जेम्स मॅथेसन त्याचं नाव. 1844 साली त्यानं हे लुईस बेट 1 लाख 90 हजार पौंडांना विकत घेतलं. बेट हं, प्लॉट नव्हे. आख्ख्या मुंबईच्या जवळजवळ तिप्पट जमीन, त्यावरची गावं, किनारा, आणि वर सतरा-अठरा हजार माणसं कुळं म्हणून.

एवढा पैसा आला कुठून? अफू. आणि बाबा, इथूनच गोष्ट आपल्या घराशी येते, म्हणून जरा दमानं वाचा.

हा मूळचा सदरलंडमधल्या लेर्गजवळचा, जन्म 1796. वडीलही हिंदुस्थानात व्यापार करून आलेले. एडिंबराला शिकला, मग लंडनमध्ये थोडी उमेदवारी आणि तिथून कलकत्त्याला काकाच्या अडतीच्या पेढीवर. तिथला किस्सा असा सांगतात की काकानं एक पत्र दिलं, निघणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला नेऊन दे म्हणून, आणि हा पठ्ठ्या विसरला, जहाज गेलं निघून. काका भडकला, म्हणाला तू आपला घरी परत जा. हा खरंच परतीच्या बोटीची चौकशी करायला गेला तर एका म्हाताऱ्या कप्तानानं सांगितलं, घरी कशाला जातोस, चीनमध्ये कँटनला जाऊन बघ की. गेला. एक पत्र वेळेवर पोचलं असतं तर या बेटाचं काय झालं असतं असं मनात येतं, पण मग दुसऱ्या कोणीतरी घेतलंच असतं म्हणा.

कँटनमध्ये त्याला विल्यम जार्डिन भेटला, हा आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर डॉक्टर होता. दोघांनी 1832 साली पेढी काढली, जार्डिन मॅथेसन, अजून चालू आहे, हाँगकाँगमधली बडी असामी. चीनमध्ये अफूला बंदी होती पण मागणी जबरदस्त, आणि चहाचे पैसे चांदीत द्यायचे तर इंग्रजांच्या जिवावर यायचं, त्यामुळे अफू विका आणि त्याच पैशात चहा घ्या असा सरळ हिशोब. बंगालची अफू कलकत्त्याहून जायची, आणि माळव्याची? ती आधी चोरून दमणवरून जायची, मग कंपनीनं म्हटलं त्यापेक्षा आम्हीच परवाना फी घेतो, की ती सगळी आपल्या मुंबई बंदरातून जायला लागली. आणि मुंबईत या पेढीचा सगळ्यात मोठा, सगळ्यात विश्वासाचा माणूस कोण? जमशेटजी जीजीभॉय.

हो, तुमचेच जमशेटजी. त्यांची आणि जार्डिनची ओळख 1805 मधली, दोघं ब्रन्सविक नावाच्या एकाच जहाजावर होते आणि ते फ्रेंचांनी पकडलं होतं. पुढे कापूस आणि अफू यांत जमशेटजींनी अमाप मिळवलं. मग तिकडे आपलं जेजे हॉस्पिटल, जेजे स्कूल ऑफ आर्ट, आणि त्यांच्या बायकोनं, अवाबाईंनी, दिलेल्या पैशातून माहीमचा कॉजवे. इकडे माझ्या खिडकीत कॅसल. तुमचा तो डिप्लोमा हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय ना, लहानपणी मला त्याची धूळ पुसायला लावायचात, तो आणि हा राजवाडा म्हणजे एकाच पेटीतनं निघालेले दोन नग आहेत असं मला परवा भांडी घासताना सुचलं आणि मी नळ चालू ठेवूनच थांबले. चिडू नका. जेजेनं तुम्हाला काय दिलं ते मला माहितीये, त्या पगारावर आम्ही दोघी शिकलो. पण तुम्ही नेहमी म्हणता ना की दानशूर माणूस होता, तर इथंही लोक याला अगदी तसंच म्हणतात, म्हणजे निम्मे लोक. उरलेले निम्मे तोंड फिरवतात.

1839 साली चिनी कमिशनर लिन झेशूनं अफूच्या वीस हजारांच्या वर पेट्या जप्त केल्या आणि चुना, मीठ घालून खड्ड्यात विरघळवल्या, त्यातल्या सगळ्यात जास्त याच पेढीच्या. मग इंग्रजांचं चीनशी अफूचं युद्ध, ते तुम्हाला माहितीये. मॅथेसन 1842 मध्ये चीन सोडून आला, लगेच पुढच्या वर्षी लग्न, लगेच खासदार (जार्डिन वारला होता, त्याचीच सीट), आणि त्याच्या पुढच्या वर्षी बेट. बायको मेरी जेन पर्सिव्हल, कॅनडातल्या क्यूबेककडची, तो सेहेचाळीस वर्षांचा. मूल झालं नाही. नंतर पीअँडओ बोट कंपनीचा तो नऊ वर्षं चेअरमन होता, त्याच बोटींतून मग आपल्याकडचे लोक बॅरिस्टर व्हायला विलायतेला यायचे.

बेट घेतलं आणि दोनच वर्षांत बटाट्यावर रोग पडला. इथं लोक बटाट्यावरच जगायचे. त्यानं पीठ आणवलं, वाटलं, रस्ते काढले, शाळा काढल्या, त्यावर तीस हजारांच्या वर पौंड घातले आणि त्याबद्दल राणीकडून बॅरोनेट (वंशपरंपरेची सरदारकीसारखी पदवी) झाला 1851 साली. इथपर्यंत सगळं गोड. पण त्याच 1851 मध्ये त्याचा कारभारी (इथं फॅक्टर म्हणतात, तुम्ही खोताचा कारभारी समजा) गावोगाव फिरून यादी करत होता की कोणाचा खंड दोन वर्षं थकलाय, कोणाला कॅनडाला पाठवायचं. भाडं मालक भरणार, थकबाकी माफ, गुरं त्यांची मालक घेणार. वाचायला उदार वाटतं. जायचं नाही म्हणणारेच जास्त होते, पण नाही म्हटलं तर जमीन जाणारच होती. चार-पाच वर्षांत सतराशेच्या वर माणसं गेली, त्यातली बरीच क्यूबेकच्या रानात. म्हणजे मालकीणबाई क्यूबेकहून इकडे राजवाड्यात आणि कुळं इकडून क्यूबेकला.

बाबा, मला सारखी आपली आजी आठवते. खोताचं नाव घेताना ती आवाज खाली करायची, खोती जाऊन तेव्हा किती वर्षं झालेली तरी. आणि चरीच्या संपाचं सांगायची, सहा वर्षं भात लावलंच नाही कोणी, करवंदं आणि मोळ्या विकून जगले. इथं पण एक तसलं प्रकरण आहे आणि ते सांगताना इथल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यात अगदी तीच चमक येते.

मॅथेसनचा पुढचा फॅक्टर डोनाल्ड मन्रो, वकील, सरकारी वकील, अमक्या बोर्डाचा अध्यक्ष, तमक्याचा मेंबर, सगळी पदं एकाकडे. तक्रार करायची तरी त्याच्याचकडे. जमिनीवर कुळांचा हक्क शून्य, मनात आलं की नोटीस. बर्नेरा नावाचं छोटं बेट आहे इथून जवळ, तिथल्या लोकांचं गुरचरण लुईसवर होतं. ते हरणांच्या शिकारीच्या रानासाठी काढून घेतलं आणि बदली दुसरं दिलं, पण अट अशी की मध्ये दगडी गडगा तुम्हीच घाला. सात मैल! घातला बिचाऱ्यांनी. घालून झाला आणि दीड-दोन वर्षांत मन्रो म्हणाला आता हेही सोडा. नाही म्हणाले. मग 1874 च्या मार्चमध्ये 58 नोटिसा घेऊन बेलीफ गेला, संध्याकाळी अंधारात पोरांनी त्याला ढेकळं मारली, त्यानं गोळी घालायची भाषा केली, दुसऱ्या दिवशी बाप्ये जाब विचारायला गेले आणि झटापटीत त्याचा कोट फाटला. एवढ्यावर दंग्याचं कलम. पुढे एकाला स्टॉर्नोवेत पकडलं तेव्हा बर्नेराहून शंभरावर लोक पुढे बॅगपाईप वाजवत चालत आले, थेट कॅसलवर, मालकालाच भेटायला.

आणि मालक भेटला बरं का. चहापाणी झालं. म्हणाला मला यातलं काही माहीतच नाही. अठ्ठावन्न घरांवर नोटीस आणि मालकाला पत्ता नाही! जुलैमध्ये खटला चालला तेव्हा मन्रोनं पण साक्षीत कबूल केलं की असल्या बारीकसारीक गोष्टी मी सर जेम्सना विचारत बसत नाही. तिघं आरोपी निर्दोष सुटले, पुढच्या वर्षी मन्रोची नोकरी गेली. मला विचाराल तर मन्रोपेक्षा त्या चहाचा जास्त राग येतो. मन्रो निदान उघड वाईट होता.

पण माणूस एकरंगी नव्हता, तेही लिहायला हवं. इथं कॅलनिशला पाच हजार वर्षांपूर्वीचे उभे दगड आहेत, ते पाच-पाच फूट पीटमध्ये गाडलेले होते, ते 1857 मध्ये यानंच साफ करून घेतले. फोटो पाठवलाय, तुम्ही स्केच करा. पीटपासून दिव्याचं तेल काढायचा कारखानाही काढला, बुडाला तो.

1878 च्या 31 डिसेंबरला फ्रान्समध्ये वारला. मग लेडी मॅथेसन मालकीण, 1896 पर्यंत, आणि ती नवऱ्यापेक्षा कडक. तिच्या काळात ज्यांना जमीनच नाही असे लोक हरणांच्या रानात घुसले, हरणं मारून खाल्ली, अटका झाल्या, लष्कर आलं. आणि तिच्यानंतर वारस कोण, तर पुतण्या डोनाल्ड, आणि हा डोनाल्ड तरुणपणी त्याच पेढीत भागीदार होता आणि अफूचा पैसा नको म्हणून सोडून आलेला, पुढे अफूविरोधी संस्थेत काम करणारा! सत्तरी ओलांडल्यावर त्याच्या पदरात हे बेट पडलं. तीन वर्षांत त्यानं मुलाच्या नावावर केलं. रात्री झोप लागायची का त्याला या घरात, मला खरंच विचारावंसं वाटतं. त्या मुलानं 1918 ला सनलाइट साबणवाल्या लिव्हरला विकलं, आणि लिव्हरनं 1923 मध्ये कॅसल आणि गावाभोवतीची जमीन लोकांनाच देऊन टाकली, ती जमीन आता लोकांचा ट्रस्ट बघतो.

आमच्या केअर होममधले एक आजोबा आहेत, एक्क्याण्णव वर्षांचे, बर्नेराचे. काल दुपारी त्यांना अनारसा दिला. दात नाहीत म्हणून चहात बुडवून खाल्ला, मग ताटलीत सांडलेली खसखस ओल्या बोटानं टिपत विचारलं या कसल्या बिया. मी सांगितलं, अफूच्याच झाडाच्या, पण नशा नसते यांना. ते थांबले, खिडकीतून कॅसलकडे बघितलं, आणि असे हसायला लागले की खोकलाच लागला, मला पाठ चोळावी लागली. मग म्हणाले, आमच्या वाट्याला आत्ता आली होय, दे अजून एक.

म्हणून आई, पुढच्या पार्सलमध्ये चकल्या नकोतच, अनारसे पाठव, आणि खसखस जरा सढळ हातानं लाव. बाबा, गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या. ताईला सांगा फोन करते बुधवारी.

तुमची
छोटी