शिष्यवृत्ती पन्नास टक्के, पण कशाच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे 'फुटबॉल खेळा, अमेरिकेत शिका' अशा जाहिराती फिरू लागतात. हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होतो, पडद्यावर हिरवेगार स्टेडियम दाखवतात आणि 'डिव्हिजन वन' हा शब्द दहा वेळा कानावर पडतो. ऐकणाऱ्या पालकाला वाटते, डिव्हिजन वन म्हणजे आपला फर्स्ट क्लास आणि डिव्हिजन थ्री म्हणजे काठावर पास. हा समज आधी मोडायला हवा. पुढे केळीचे किंवा कपाशीचे पैसे ज्या हिशेबावर मोजले जातात, तो हिशेब याच गैरसमजावर उभा असतो.

तिकडे आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात. कॉलेजांचे खेळ चालवणारी सर्वांत मोठी संघटना म्हणजे एनसीएए. तिचे तीन डिव्हिजन आहेत. कोणते कॉलेज कोणत्या डिव्हिजनमध्ये, हे ते खेळावर किती खर्च करणार आणि खेळाडूला खेळासाठी पैसे देणार की नाही यावर ठरते. शिक्षणाच्या दर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. एमआयटी डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते, एवढे सांगितले तरी पुरे. एनसीएएच्या बाहेर एनएआयए ही मुख्यतः लहान कॉलेजांची संघटना आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी एनजेसीएए.

डिव्हिजन वनपासून सुरुवात करू, कारण विकले जाते तेच. २०२५ पर्यंत तिथल्या मुलांच्या सॉकर संघाला जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या आणि प्रशिक्षक त्या तुकडे करून वाटत. संघात २८ मुले धरली तर सरासरी ३५ टक्के हाती येतात, तेही कॉलेजने सगळे पैसे भरले तर. गोलकीपर आणि स्ट्रायकरला मोठा वाटा, बाकीच्यांना पुस्तकांपुरते, असा प्रकार सर्रास चाले. खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या खटल्यात जून २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघातील खेळाडूंची मर्यादा आली. सॉकरला ती २८ आहे. सेमिनारमध्ये याचाच अर्थ 'आता सगळ्यांना फुल स्कॉलरशिप' असा सांगितला जातो. नियम कॉलेजला जास्त देण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. उलट पूर्वी पस्तिसावा म्हणून संघात राहून दोन वर्षांत घडणाऱ्या पोराची जागा मात्र गेली.

त्या २८ जागांसाठी आपल्या अठरा वर्षांच्या मुलासमोर कोण असते तेही पाहा. मुलांच्या डिव्हिजन वन संघांत परदेशी खेळाडू भरपूर असतात. त्यांतले अनेक जण युरोपातल्या क्लबांच्या अकादमीत वाढलेले, वीस-एकविशीचे. बदली खेळाडूंचे नियमही वेगळे आहेत. बाहेर गेलेला खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत मैदानात येऊ शकतो, त्यामुळे प्रशिक्षक ताज्या दमाची माणसे फिरवत राहतो आणि नव्वद मिनिटे पळापळ चालते. तंत्र छान पण साठाव्या मिनिटाला कमरेवर हात, असा आपला मिडफिल्डर तिथे बाकावर बसतो.

या डिव्हिजनची जमेची बाजूही आहे. हंगामात सरावावर आठवड्याला २० तासांची मर्यादा, अभ्यासाला ट्यूटर, फिजिओ आणि १ ऑगस्ट २०२४ पासून खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च पदवीनंतरही किमान दोन वर्षे कॉलेजने उचलण्याचे बंधन. गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशनला अमेरिकेत किती पैसे लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या ओळीची किंमत कळेल. बाकीच्या ठिकाणी विमा कशाकशाला चालतो, हे लेखी विचारावे.

मुलींचे गणित वेगळे आहे आणि ते जास्त अनुकूल आहे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने कॉलेजांना मुलींच्या खेळालाही बरोबरीची संधी द्यावी लागते. अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या संघांमुळे मुलांकडे झुकलेले पारडे सावरायला बरीच कॉलेजे मुलींचा सॉकर संघ ठेवतात. म्हणून डिव्हिजन वनमध्ये मुलींचे संघ मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. जुनी मर्यादाही मुलांना ९.९ तर मुलींना १४ अशी होती. सेमिनारला मात्र पालक मुलालाच घेऊन येतात.

डिव्हिजन टूमध्ये मुलांना ९ आणि मुलींना ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा. येथे खेळाचे थोडे आणि गुणांवरचे थोडे असे पैसे एकत्र करून देतात, म्हणून ८५ टक्क्यांचा बरा खेळाडू ६० टक्क्यांच्या उत्तम खेळाडूपेक्षा स्वस्तात शिकून येतो. एनएआयएमध्ये मर्यादा १२ ची, नियम जरा सैल आणि परदेशी मुले पुष्कळ. मात्र काही लहान खासगी कॉलेजे वर्ग भरण्यासाठी संघ फुगवतात. ५०-६० जणांच्या यादीत नाव असते, खेळायला मिळते ते 'रिझर्व्ह' संघातून आणि फी मात्र पूर्ण. कॉलेजच्या संकेतस्थळावर खेळाडूंची यादी असते. आपल्या मुलाच्या जागेवर किती जण आहेत आणि ते कितव्या वर्षाला आहेत, हे मोजायला दहा मिनिटे लागतात.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. म्हणून एजंट त्याचे नावही घेत नाहीत. त्यांचे कमिशन तिथे बुडते. पण हुशार मुलासाठी सर्वांत जास्त पैसा इथेच असू शकतो. गुणांवरची आणि घरच्या उत्पन्नावरची मदत खेळापासून वेगळी असते. एमआयटी आणि अॅमहर्स्ट ही दोन्ही डिव्हिजन थ्रीची कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यालाही प्रवेश देताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि निवड झाली की गरजेची पूर्ण भरपाई करतात. निवड होणे महाकठीण, हे खरेच. शिवाय या मदतीला गुडघा मोडला तरी धक्का लागत नाही, कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते. खेळाचा दर्जा कमी असेल असेही समजू नये. पेनसिल्व्हेनियातल्या मेसाया विद्यापीठाच्या मुलांनी डिव्हिजन थ्रीचे विजेतेपद ११ वेळा जिंकले आहे आणि तिथले पहिले अकरा बऱ्याच वरच्या डिव्हिजनच्या संघांना घाम फोडतील.

दोन वर्षांच्या कॉलेजांना आपल्याकडे आयटीआयसारखे समजून नाक मुरडतात. एनजेसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका संघाला २४ शिष्यवृत्त्या देता येतात, फी मुळातच कमी आणि दोन वर्षांनी चार वर्षांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला जाता येते. घोळ होतो तो क्रेडिटचा, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या हिशेबाचा. पुढच्या कॉलेजने सगळी क्रेडिट मान्य केली नाहीत तर एक सेमिस्टर, कधी वर्ष वाया जाते. विषय निवडण्याआधीच पुढची दोन-तीन कॉलेजे डोळ्यांसमोर हवीत.

आता शीर्षकातला प्रश्न. समजा एका कॉलेजची ट्यूशन ३६,००० डॉलर, राहणे-जेवण १४,००० आणि विमा-पुस्तके ४,०००, एकूण ५४,०००. '५० टक्के शिष्यवृत्ती' ट्यूशनवर असेल तर १८,००० सुटतात आणि वर्षाला ३६,००० डॉलर भरावे लागतात. डॉलर ८५ रुपये धरला तरी ३० लाख ६० हजार. तीच ५० टक्के एकूण खर्चावर असेल तर २२ लाख ९५ हजार. म्हणजे 'कशाच्या टक्के' हा प्रश्न न विचारल्याची किंमत वर्षाला साडेसात लाखांहून जास्त. सरकारी विद्यापीठात परदेशी मुलाला सहसा राज्याबाहेरच्यांची चढी फी लागते, हेही यात धरावे. शिष्यवृत्ती बहुधा एका वर्षापुरती असते. दरवर्षी नूतनीकरण कशावर होते, किती गुण राखावे लागतात, हे पत्रात वाचून घ्या. विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेजकडून येणाऱ्या आय-ट्वेंटी या कागदावर वर्षाचा खर्च एका बाजूला आणि कॉलेजचे व तुमचे पैसे दुसऱ्या बाजूला छापलेले असतात. एजंटचे आकडे त्याच्याशी जुळत नसतील तर तिथेच थांबावे. 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट'चा, म्हणजे खेळाडू आणि कॉलेज यांच्यातल्या कराराचा, नमुना दाखवून डिव्हिजन वनची जागा पक्की झाली असे कोणी सांगत असेल, तर ती पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाली आहे.

एजंटबद्दल आणखी एक, कारण इथे मुलाचेच नुकसान होते. ठरावीक फी घेऊन व्हिडिओ आणि माहिती प्रशिक्षकांपर्यंत पोचवणे एनसीएएला चालते. 'शिष्यवृत्ती मिळाली की तिच्या दहा टक्के द्या' हा करार चालत नाही, त्याने खेळाडूची पात्रताच धोक्यात येते. रोख बक्षिसांच्या टर्फवरच्या स्पर्धांचेही तसेच. खर्चापुरते पैसे एक वेळ चालतात, त्यावर कमाई नको. कुठे किती मिळाले आणि प्रवास-बुटांवर किती गेले, याची वही ठेवा.

सर्वांत जास्त मुले अडकतात ती मात्र गुणपत्रिकेवर. डिव्हिजन वन आणि टूसाठी नववी ते बारावीतले १६ 'मुख्य विषय' मोजले जातात; एक विषय एक वर्ष शिकला की एक धरतात. त्यांची सरासरी, ४ पैकी, वनला २.३ आणि टूला २.२ लागते. वनसाठी चार वर्षे इंग्रजी आणि तीन वर्षे गणित हवे, टूला गणित दोन वर्षे चालते. अकरावीला कला शाखा घेऊन किंवा वाणिज्य शाखेत गणित सोडून दिलेल्या मुलाकडे गणित उरते फक्त नववी आणि दहावीचे. डिव्हिजन वनचे दार तिथेच बंद होते, आणि हे त्याला कळते बारावीनंतर. नववीचा निकाल आपल्याकडे कोणी जपत नाही. मराठी माध्यमाच्या शाळेचे प्रगतिपुस्तक असेल तर मूळ प्रतीसोबत ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. शाळेचा शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही आताच घेऊन ठेवा. नीटसाठी 'ड्रॉप' घेणाऱ्यांनीही जपावे. बारावीनंतर रेंगाळलेली वर्षे, विशेषतः त्या काळात क्लबकडून खेळलेले सामने, पात्रतेच्या हिशेबात येतात.

व्हिडिओचे थोडक्यात. मोबाइल आडवा धरायचा, मधल्या रेषेजवळ गच्चीवर किंवा ट्रॉलीवर उभे राहून, आणि चेंडूवर झूम करायचे नाही; चेंडू नसताना मुलगा कुठे पळतो हेच प्रशिक्षकाला पाहायचे असते. मुरमाच्या मैदानावर दुपारच्या उन्हात शूट केले की जर्सीचे नंबर धुळीत दिसत नाहीत, म्हणून सकाळचा सामना घ्या. निवडक क्षण तीन ते पाच मिनिटांचे, प्रत्येक क्षणाआधी खेळाडूभोवती गोल काढलेला, आणि सोबत बरोबरीच्या संघाविरुद्धचा एक पूर्ण सामना. ११-० ने जिंकलेल्या सामन्यातले चार गोल पाहून कोणी फोन करत नाही. ईमेलच्या विषयात बारावीचे वर्ष, मैदानावरची जागा, उंची आणि टक्के लिहावेत.

आपल्याकडच्या कॉलेज फुटबॉलची तुलना केल्याशिवाय हे पत्र पुरे होत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार येतात. आंतरमहाविद्यालयीन, मग निवड झाली तर पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, अशी आपली शिडी. खर्च जवळजवळ शून्य, आणि नोकरीतल्या खेळाडूंच्या आरक्षणाकडे पाहणाऱ्या घराला ही वाट शहाणपणाची. पण बाद पद्धतीमुळे पहिल्याच फेरीत हरलेला संघ वर्षभरात एकच सामना खेळतो. अमेरिकेतल्या कोणत्याही डिव्हिजनचा संघ ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर या काळात साधारण १५ ते २० सामने खेळतो. एका सामन्यावर कोणाची निवड करायची आणि व्हिडिओ तरी कशाचा काढायचा? तिन्ही जिल्ह्यांत आठ-आठ कॉलेजांची साखळी स्पर्धा घेतली तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतील. त्यासाठी एसटीचे भाडे, चुन्याच्या रेषा आणि प्रत्येक सामन्याला तीन पंच लागतात. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने याचा अंदाजपत्रकात विचार करावा, आणि अंतर जास्त असल्याने नंदुरबारचे सामने नंदुरबारलाच ठेवावेत.

आपले,
दोन क्रीडाशिक्षक, भुसावळ